दर महिन्याची गोष्ट

मराठी कथेचा इतिहास आपण लेखकांच्या नावांनी सांगतो. हरिभाऊ आपटे, वि. सी. गुर्जर, दिवाकर कृष्ण, फडके आणि खांडेकर, पुढे गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर, मग जी. ए. कुलकर्णी. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीच्या पुढे पाऊल टाकले, घटनेकडून मनाकडे आणि तंत्राकडून आशयाकडे वाटचाल झाली, असा या इतिहासाचा साधारण सूर असतो. नावे मोठीच आहेत. पण ती कथा पहिल्यांदा छापली कुठे, ती कोणी मागवली, किती दिवसांत लिहून हवी होती आणि वाचणाऱ्याच्या हातात ती पडली कशी, हे प्रश्न त्यात फारसे येत नाहीत. ते विचारले की लेखकांच्या मागे नियतकालिके उभी दिसू लागतात. ‘करमणूक’, ‘मनोरंजन’, ‘रत्नाकर’, ‘यशवंत’, ‘किर्लोस्कर’, ‘सत्यकथा’, ‘हंस’, ‘मेनका’. माझे म्हणणे असे आहे की मराठी कथेची लांबी, विषय, भाषा, इतकेच काय तिचा शेवट कसा व्हावा हेसुद्धा या अंकांच्या ठरलेल्या तारखांनी घडवले. अंक नेमाने निघत होता तोवर कथा वाढत राहिली. तो वर्षातून एकदा निघू लागला तेव्हापासून कथेचा पाया अरुंद झाला. आजच्या कथेची अडचण प्रतिभेच्या दुष्काळाची मानली जाते. ती मुळात वेळापत्रकाची आहे.

छापखाना आला तेव्हा मराठीत गोष्टींची कमतरता नव्हती. वेताळपंचविशी, सिंहासनबत्तिशी, शुकबाहात्तरी लोक वाचत होते, पुढे अरबी गोष्टींचेही भाषांतर झाले. पण त्या साऱ्या एकीतून दुसरी निघणाऱ्या गोष्टी. एका बैठकीत सुरू होऊन तिथेच संपणारी, आजच्या माणसांची, आजच्या घरातली गोष्ट वेगळी असते आणि तिला वेगळी जागा लागते. १८६७ साली सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’त रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ क्रमशः आली. म्हणजे क्रमशः वाचण्याची सवय आधी लागली. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये पुण्यात ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले तेव्हा त्यांनी या सवयीचा उपयोग करून घेतलाच, ‘पण लक्षात कोण घेतो’ ही यमूची कहाणी त्यांनी तिथेच हप्त्याहप्त्याने छापली. पण हप्त्यांच्या चालू गोष्टीच्या शेजारी त्यांना आणखी काहीतरी हवे होते. मागचे अंक न वाचलेल्या माणसालाही त्या आठवड्यात पूर्ण समाधान मिळाले पाहिजे. त्या गरजेतून ‘स्फुट गोष्ट’ आली. एका अंकात सुरू, त्याच अंकात समाप्त. मराठी लघुकथेचा उगम आपण या स्फुट गोष्टींत मानतो. कादंबरीला जागा पुरेना म्हणून ती आखडली असे तिच्याबाबतीत झाले नाही. अंक अनोळखी वाचकाला एकट्याने उभा राहून पुरला पाहिजे, ही तिच्यामागची निकड होती.

हे एकट्या पुण्यात घडत नव्हते. लंडनमध्ये जॉर्ज न्यून्सने १८९१ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिक सुरू केले आणि त्याच वर्षी कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सच्या छोट्या गोष्टी त्यात द्यायला सुरुवात केली. क्रमशः कादंबरीचा एक हप्ता चुकला की वाचक तुटतो. उलट एकच नायक ठेवून दर अंकात पूर्ण होणारी गोष्ट दिली तर वाचक टिकतोही आणि नवा येतोही, हा डॉयलचा हिशोब होता. कोलकात्यात त्याच साली ‘हितवादी’ साप्ताहिकात रवींद्रनाथांच्या गोष्टी येऊ लागल्या. तीन दूरच्या शहरांत, वर्षभराच्या अंतराने, एकच वाङ्मयप्रकार डोके वर काढतो, याला एका लेखकाची प्रतिभा हे कारण पुरे पडत नाही. साक्षर झालेली पहिली-दुसरी पिढी, स्वस्त टपाल, रेल्वे आणि फुरसतीचा ठरावीक वेळ असलेला नोकरदार वर्ग या गोष्टी त्या तिन्ही ठिकाणी होत्या.

‘करमणुकी’ने जे सुरू केले त्याला घराघरांत नेले ते ‘मनोरंजना’ने. काशिनाथ रघुनाथ आजगावकरांनी जानेवारी १८९५ मध्ये मुंबईत हे मासिक काढले. बंगाली साहित्याच्या ओढीने त्यांनी ‘मित्र’ हे आडनाव घेतले आणि का. र. मित्र म्हणूनच ते ओळखले गेले. त्यांची दृष्टी संपादकाची होती तशीच व्यवहाराचीही होती. मासिक घरातल्या सगळ्यांनी वाचायचे तर त्यात बायकांना वाचावेसे आणि लिहावेसे वाटले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. आनंदीबाई शिर्के यांच्यासारख्या लेखिका त्या काळातल्या मासिकांतूनच पुढे आल्या. त्यांचा ‘कथाकुंज’ हा संग्रह १९२८ चा, म्हणजे मासिकातल्या लेखनाच्या बऱ्याच नंतरचा. मासिकातली कथा घरात शिरली म्हणून तिचा विषय घर झाला. लग्न, हुंडा, विधवेचे जिणे, सासर, शिकलेल्या नवऱ्याची न शिकलेली बायको. पुढच्या समीक्षकांनी या विषयांना मर्यादित म्हटले. पण वाचणारी व्यक्ती स्वयंपाकघराच्या दाराशी बसून वाचत असताना तिच्यापुढे तिचेच घर ठेवणे ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती.

‘मनोरंजना’चा खरा कथाकार म्हणजे विठ्ठल सीताराम गुर्जर. त्यांनी शेकड्यांनी गोष्टी लिहिल्या. ‘एकच प्याला’ची पदेही त्यांचीच, पण मूळ व्यवसाय गोष्टीचा. बंगालीतल्या प्रभातकुमार मुखोपाध्यायांच्या हलक्याफुलक्या, योगायोगांनी गुंफलेल्या कथांचे संस्कार त्यांच्यावर होते. गैरसमज, अदलाबदल, मग उलगडा आणि सुखाचा शेवट, हा त्यांचा साचा आज भाबडा वाटतो. तो तसा का झाला हे मात्र पाहावे. दर महिन्याला गोष्ट द्यायची तर लेखकाला हाताशी एक चौकट लागते, आणि पुढच्या अंकाची वाट पाहायला लावायची तर वाचकाला प्रसन्न मनाने सोडावे लागते. साचा हा नियमित लिहिण्याचा परिणाम आहे. त्या साच्यातच मराठी गद्याला संवाद आला, सुरुवातीलाच प्रसंगात उडी घेण्याची सवय आली आणि पाल्हाळ कापण्याची शिस्तही आली. त्याच ‘मनोरंजना’त १९२२ मध्ये दिवाकर कृष्णांची ‘अंगणातला पोपट’ आली. घटना जवळजवळ नाहीच, सगळे एका कोवळ्या मनात घडते. जे मासिक गुर्जरांच्या योगायोगांवर चालत होते त्यानेच या कथेला जागा दिली. गुर्जरांनी जमवलेला वाचक नसता तर दिवाकर कृष्णांना वाचक कोणी दिला असता?

मासिक चालते कसे, हे इथे थोडे सविस्तर पाहणे आवश्यक आहे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. मासिकाला पैसे तीन ठिकाणांहून येतात. वर्षाची आगाऊ वर्गणी, सुट्या अंकाची विक्री आणि जाहिराती. वर्गणी हा त्यातला सर्वांत भरवशाचा पैसा, कारण तो कागद विकत घेण्याआधी हातात येतो. वर्गणीदार टिकवायचा तर अंक वेळेवर पोहोचला पाहिजे आणि त्यात ‘पुढच्या महिन्यातही असेच काही असेल’ हा विश्वास असला पाहिजे. हा विश्वास लेखातून मिळत नाही, गोष्टीतून मिळतो. म्हणून ज्या मासिकांचा हेतू सर्वस्वी वेगळा होता त्यांनाही गोष्टी छापाव्या लागल्या. ‘किर्लोस्कर’चे उदाहरण याबाबत बोलके आहे. औंध संस्थानातल्या माळरानावर १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीत नांगर बनत होते. त्या कारखान्याच्या बातम्या गिऱ्हाइकांपर्यंत नेण्यासाठी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. शंकरराव किर्लोस्करांनी, म्हणजे शंवाकिंनी, तिचे पाहता पाहता महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक केले, मग १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ काढले. नांगराच्या जाहिरातीतून निघालेल्या या घराण्याने विज्ञाननिष्ठा, स्त्रीसुधारणा, उद्योग हे विषय मांडले. त्या विषयांपर्यंत वाचकाला आणणारे दार मात्र बहुधा कथेचेच होते.

१९२५ ते १९४० हा या प्रकाराच्या भरभराटीचा काळ. ‘रत्नाकर’, ‘यशवंत’, पुढे ‘ज्योत्स्ना’. ना. सी. फडके यांनी कथेचे तंत्र शास्त्रासारखे शिकवायला घेतले तेही याच काळात. त्यांच्यावर कृत्रिमतेचा आरोप पुढे फार झाला, पण एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. लिहू इच्छिणाऱ्या शेकडो तरुणांना तंत्राचे पुस्तक हवेसे वाटत होते, कारण त्यांच्या कथा घेणारी मासिके होती. बाजार नसलेल्या कलेची पाठ्यपुस्तके कोणी लिहीत नाही. य. गो. जोशी यांच्यासारखा लेखक फडक्यांच्या नटव्या मांडणीला सरळ विरोध करत साध्या कुटुंबाच्या गोष्टी लिहीत होता, आणि तोही याच मासिकांतून. त्यांच्या कथांवर पुढे ‘वहिनीच्या बांगड्या’ आणि ‘शेवग्याच्या शेंगा’ हे चित्रपट निघाले, ते पन्नाशीच्या दशकात. मासिकातली सात-आठ पानांची गोष्ट दोन-अडीच तासांच्या चित्रपटाला पुरली. ती किती लोकांच्या मनात आधीच जाऊन बसली होती, हे त्यातून दिसते.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. मराठी कथेला खरी उंची दिली ती लोकप्रिय मासिकांनी नव्हे, त्यांना नाकारणाऱ्या ‘सत्यकथे’ने, असे म्हटले जाते. आक्षेपात तथ्य आहे. १९३३ मध्ये निघालेले ‘सत्यकथा’ मौज प्रकाशनाच्या भागवत बंधूंच्या हाती आल्यावर नवकथेचे घर झाले. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर, पु. भा. भावे, सदानंद रेगे, जी. ए. यांच्या कथा तिथे आल्या. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा वाचून लेखकाला सविस्तर पत्र लिहीत, पुन्हा लिहायला सांगत, आणि लेखक ते करत. लोकप्रिय मासिकात हे घडले नसते, हे मान्य. पण जे घडत होते त्याचे स्वरूप पाहा. कथा पाठवली, महिन्याभरात पत्र आले, सुधारली, दोन-तीन महिन्यांत छापून आली, तोवर दुसरी लिहून झाली. या संपादनाला दर महिन्याचा अंक आवश्यक होता. वर्षातून एकदाच जागा असती तर भागवतांनी कोणती कथा परत पाठवून पुन्हा लिहायला सांगितली असती? ‘सत्यकथे’ने लोकप्रिय मासिकाची रुची नाकारली, पण त्याची लय जशीच्या तशी ठेवली.

शिवाय भिंत समजली जाते तितकी उंच नव्हती. मनाचे तळ शोधणाऱ्या गाडगीळांनीच बंडूच्या विनोदी गोष्टी लिहिल्या. अनंत अंतरकरांनी १९४६ मध्ये ‘हंस’, १९५० मध्ये ‘मोहिनी’ आणि १९५४ मध्ये ‘नवल’ काढले. एकाच संपादकाचे हे तीन अंक म्हणजे मराठी वाचकाच्या आवडींचा नकाशाच होता. ‘हंस’मध्ये वाङ्मयीन वजनाची कथा, ‘मोहिनी’त विनोद आणि ‘नवल’मध्ये अद्भुत, भय, रहस्य, साहस. अंतरकरांना रुचीचे हे तीन कप्पे परस्परांचे शत्रू वाटले नाहीत. जी. एं.सारखा कठोर लेखक ‘हंस’शी जोडलेला होता आणि त्या संबंधाची पत्ररूप कहाणी अंतरकरांचे चिरंजीव आनंद यांनी पुढे लिहिली. विज्ञानकथेचेही असेच. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि ती पहिली आली. खगोलशास्त्रज्ञाला लोकप्रिय कथेचा मार्ग परका वाटला नाही, कारण अद्भुत गोष्ट आवडीने वाचणारा वर्ग मासिकांनी आधीच तयार ठेवला होता.

खालच्या समजल्या गेलेल्या कप्प्याकडे मात्र नीट पाहिलेच गेले नाही, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्या रहस्यकथा हजाराच्या घरात गेल्या. गुरुनाथ नाईकांचा आकडाही तसाच. या पुस्तिका पुस्तकांच्या नावाखाली निघत, पण वागत मासिकासारख्या. दर महिन्याला नवा संच, ठरलेला नायक, स्टेशनवरच्या स्टॉलवर आणि गल्लीतल्या वाचनालयात ठरलेली जागा. गिरणीतला कामगार, एसटीचा वाहक, शाळा सोडलेले पोर, अशी पुस्तकांच्या दुकानात कधी न जाणारी माणसे यातून वाचक झाली. तिकडे पुण्यात पु. वि. बेहेरे यांनी १९६० मध्ये ‘मेनका’ आणि दोन वर्षांनी ‘माहेर’ काढले आणि गृहिणीला दुपारचा हक्काचा तास दिला. या साऱ्याला ‘उथळ’ हा एकच शिक्का बसला. कधी कधी तर कायद्याचाही बडगा उगारला गेला. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कादंबरी ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. दंडाधिकाऱ्यांनी सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवले आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. चार ओळी उचलून नव्हे तर सबंध कृती पाहून ठरवावे लागते आणि समाजाची मापे बदलत असतात, ही भूमिका न्यायालयाने घेतली. लेखनाच्या स्वातंत्र्याबद्दल आपण ज्यांची नावे अभिमानाने घेतो त्यांत काकोडकरांचे नाव सहसा नसते. पण मराठी लेखकाला देशाच्या सर्वोच्च न्यायालयात मिळालेला हा विजय एका लोकप्रिय मासिकातल्या लोकप्रिय कादंबरीने मिळवून दिला आहे, आणि पुढच्या खटल्यांत त्या निकालाचा आधार घेतला गेला आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि त्याला उडवून लावता येणार नाही. ही सारी मासिके कोणाची होती? लिहिणारे, छापणारे, वर्गणी भरणारे बहुतेक पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांतले. गावकुसाबाहेरचे जग त्यांत आले तर दयेचा विषय म्हणून. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला, तो केवळ वाङ्मयीन रुसवा नव्हता. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ मध्ये आला तेव्हा त्यातल्या कथांनी मराठी कथेने तोवर काय पाहिले नव्हते ते दाखवून दिले. हे सगळे खरे आहे, आणि मासिकांच्या इतिहासाचा गौरव करताना ते विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण यातून माझा मुद्दा मोडत नाही, उलट दृढ होतो. कारण ज्यांना दार बंद होते त्यांनी काय केले? त्यांनी नियतकालिके काढली. लघुअनियतकालिकांची चळवळ, औरंगाबादेत १९६७ पासून गंगाधर पानतावणे यांच्या हाती वाढलेले ‘अस्मितादर्श’. दलित साहित्याची पिढी एकेका पुस्तकाने उभी राहिली नाही. अंकामागून अंक, प्रतिसादामागून प्रतिसाद, अशी ती घडली. प्रस्थापितांची मासिके नाकारणाऱ्यांनाही नियतकालिकाची जागा भरून काढणारे दुसरे साधन सापडले नाही.

मग हे सगळे थांबले कसे? याचे बीज ‘मनोरंजना’नेच पेरले होते. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ अंक तोवर रूढ झाले होते, मित्रांनी ती कल्पना आपल्या सणाला लावली आणि ती अशी लागू पडली की शतकभरानंतरही शेकडो दिवाळी अंक निघतात. जगात क्वचितच कुठे एका सणाभोवती एवढा वाङ्मयव्यवहार होत असेल, आणि त्याचा अभिमान रास्त आहे. पण त्याचे अर्थकारण मासिकाच्या उलट आहे. दिवाळीत जाहिरातदार खर्च करायला तयार असतो आणि वाचकही. सुरुवातीला दिवाळी अंकाची कमाई वर्षभराच्या तुटीला हातभार लावत असे. मग कागद महागला, टपाल महागले, छपाईचे दर वाढले, आणि संपादकांच्या लक्षात आले की उरलेले अकरा अंक काढलेच नाहीत तर हिशोब जमतो. मधुकर पाटकरांचा ‘आवाज’ १९५१ पासून मुळातच दिवाळीचा अंक होता. पुढे अनेकांनी तीच वाट धरली. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली, मौजेचा दिवाळी अंक मात्र चालू राहिला. एकच छापखाना, तीच माणसे, तीच रुची. मासिक मेले आणि वार्षिक जगले, यापेक्षा स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

टीव्हीने मासिके मारली, हे उत्तर सगळ्यांच्या ओठावर असते. मुंबई दूरदर्शन सुरू झाले १९७२ मध्ये, पण दहा वर्षे ते थोड्या घरांपुरते आणि संध्याकाळच्या काही तासांपुरते होते. रंगीत चित्र आणि राष्ट्रीय प्रक्षेपण आले १९८२ मध्ये, घराघराला खिळवणारी मालिका त्यानंतर दोन वर्षांनी. ‘सत्यकथा’ त्याआधीच थकली होती. टीव्हीने पुढे दुपारचा तास हिरावला, ‘माहेर’-‘मेनका’च्या वाचकाला मालिका दिली, हे खरे. पण पाया त्याआधी दुसऱ्या बाजूने खचत होता. गल्लीतल्या वाचनालयाने वाचक वाढवले आणि त्याच वेळी वर्गणीदार कमी केले, कारण एक अंक कित्येक घरांत फिरला तरी प्रकाशकाला किंमत एकाच अंकाची मिळते. वाचन भरपूर आणि विक्री तुटपुंजी, ही विसंगती मराठी मासिकांनी शेवटपर्यंत सोडवली नाही.

दिवाळी अंकांनी कथा वाचवली, असेही म्हणता येईल, आणि ते काही अंशी पटते. कथेला त्यांत पाने मिळतात, दीर्घकथेला तर तिथेच जागा आहे. पण संपादक उन्हाळ्याच्या शेवटी ओळखीच्या लेखकांना पत्रे पाठवतो, लेखक पावसाळ्यात त्या मागण्या पुऱ्या करतो आणि सारे अंक एकाच पंधरवड्यात बाजारात येतात. त्या गर्दीत नव्या लेखकाची पहिली कथा कोणी वाचली की नाही, हे त्याला कळतही नाही. गुर्जर फसत फसत शिकले, कारण पुढच्या महिन्यात पुन्हा संधी होती. वर्षातून एक कथा लिहिणाऱ्याला दहा चुका करायला दहा वर्षे लागतात.

नवी मुंबईचा विचार केला की हा बदल नकाशावर दिसतो. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना मार्च १९७० ची. वाशी, नेरूळ, बेलापूरच्या वसाहती भरत गेल्या त्या पुढच्या दोन-तीन दशकांत, आणि १९९२ मध्ये खाडीवरून वाशीपर्यंत लोकल आली तेव्हा गिरगाव, लालबाग, दादरची मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने इकडे येत होती. म्हणजे मराठी मासिके एकामागून एक मिटत होती नेमक्या त्याच काळात हे शहर उभे राहिले. गिरगावातल्या माणसाला खटाववाडीत ‘मौज’चा छापखाना ठाऊक होता, स्टॉलवर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोणते अंक येणार हे पाठ होते. नवी मुंबईत वाढलेल्या पिढीने मराठी कथा पाहिली ती दिवाळी अंकाच्या जाड गठ्ठ्यातच. या शहरात वाचणारे नाहीत असे नाही. वाशीच्या साहित्य मंदिरात मराठीचे कार्यक्रम नेमाने होतात. छापण्याची सोयही कमी नाही, महापेच्या औद्योगिक पट्ट्यात आणि बेलापुरात मोठी मराठी दैनिके छापली जातात. यंत्रे आहेत, वाचक आहेत, लिहिणारेही आहेत. नाही ती दर महिन्याची तारीख.

ती परत आणता येईल का, हा प्रश्न हळहळीचा करण्याचे कारण नाही, तो व्यवहाराचा आहे. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अ, ब, क, ड वर्गांत मोडणारी हजारो अनुदानित ग्रंथालये आहेत, आणि ती नियतकालिकांवर खर्च करतातच. या ग्रंथालयांपैकी एका हिश्श्याने जरी केवळ कथेला वाहिलेल्या एका-दोन मासिकांची वर्षाची आगाऊ वर्गणी भरली, तरी ‘मनोरंजना’ला जो भरवसा वर्गणीदारांनी दिला तो आज संस्था देऊ शकतात. वाचन भरपूर आणि विक्री तुटपुंजी ही जुनी गाठही त्यातून सैल होते, कारण पुष्कळांसाठी एक अंक घेणाराच इथे मुख्य गिऱ्हाईक ठरतो. सरकारी पैशाने वाङ्मय मिंधे होते, अशी भीती व्यक्त होईल. पण अंक विकत घेणे आणि अंक संपादित करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संपादक निवडीला मोकळा राहिला, महिन्याला आठ-दहा कथा घेत राहिला, त्यांत रहस्य, भय, विनोद, प्रेम, विज्ञान या साऱ्यांना अंतरकरांसारखी जागा देत राहिला आणि परत पाठवलेल्या प्रत्येक कथेसोबत दोन ओळींचे का होईना पण कारण लिहीत राहिला, तर पहिली दोन-तीन वर्षे त्यातल्या बऱ्याच कथा सामान्य निघतील. ‘करमणुकी’तल्या आणि ‘मनोरंजना’तल्याही बहुतेक सामान्यच होत्या, आणि ‘अंगणातला पोपट’ त्यांच्याच शेजारी छापली गेली होती.